मागच्या दोन चाकांची चार केली, तर ताकद नेमकी कुठे वाढते?



आजचा विषय ऐकायला गॅरेजमधला वाटेल, आणि तो आहेच. प्रश्न साधा आहे. एका पिकअप गाडीला मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन चाकं आहेत. तिथे दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे एकूण चार चाकं बसवली. तर ती गाडी आता दुप्पट माल वाहील का? दुप्पट नाही, तर दीडपट तरी?

उत्तर मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण यात गोष्टीसारखा शेवट राखून ठेवण्यात काही अर्थ नाही. टायरची ताकद वाढते. गाडीची वाढतेच असं नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून माल भरला, की मग घाटात ब्रेक लागत नाहीत, भर रस्त्यात धुरा तुटतो, आणि त्याची किंमत गाडीवाल्याबरोबर समोरून येणारा माणूसही मोजतो. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ.

हा प्रकार मूळचा कुठला

मागे जोडचाकं असलेली पिकअप ही खास अमेरिकेतली चीज आहे. तिथे तिला 'ड्युअली' म्हणतात. जनरल मोटर्सने १९७३ च्या मॉडेलमध्ये एक टनी पिकअपला मागे जोडचाकं दिली. आज फोर्डची एफ-३५०, रॅमची ३५००, शेवरलेची सिल्व्हराडो ३५०० या गाड्या दोन्ही रूपांत मिळतात. नाव तेच, केबिन तीच, इंजिनही बहुतेक तेच. एकीला मागे दोन टायर, दुसरीला चार. घोड्यांचा ट्रेलर, बोट, शेतीची अवजारं, हौद्यात बसवलेली राहायची खोली, असं जड सामान ओढायचं किंवा वाहायचं असलं की लोक जोडचाकी घेतात.

आता दोन गाड्या इतक्या सारख्या दिसतात म्हटल्यावर माणसाच्या मनात काय येणार? 'माझ्याकडे साधी आहेच की. चार डिस्क, चार टायर, वर मडगार्ड. झाली जोडचाकी!' तिथे त्यासाठी तयार किट विकत मिळतात. त्यामुळे हा प्रश्न तिथल्या लोकांना रोज पडतो.

आपल्याकडे पिकअपचं जग वेगळं आहे, पण मोह तोच. बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या भरणारी गाडी मागच्या बाजूला बसलेली दिसते. मग कुणी पाटे वाढवतो, कुणी जास्त प्लायचे टायर घालतो, आणि कुणाला तरी वाटतं की शेजारच्या चार-शून्य-सातसारखी मागे जोडी टाकली तर काम होईल.

पहिला हिशेब टायरचा

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असतं. हलक्या ट्रकच्या टायरवर वजनाचे दोन आकडे असतात. एक 'सिंगल'साठी, एक 'ड्युअल'साठी. टायर तोच, पण जोडीत वापरला तर त्याने कमी वजन घ्यायचं असतं.

उदाहरण घेऊ. एकचाकी अमेरिकन पिकअपला २७५/७० आर १८ मापाचा टायर असतो. त्याचा भार निर्देशांक १२५. म्हणजे एकट्याने तो १,६५० किलो पेलतो. मागे असे दोन, म्हणजे ३,३०० किलो. जोडचाकीला २३५/८० आर १७ असा अरुंद टायर येतो. त्यावर १२०/११७ असं लिहिलेलं असतं. एकटा असेल तर १,४०० किलो, जोडीत असेल तर १,२८५ किलो. मागे चार टायर, म्हणजे ५,१४० किलो.

३,३०० चे ५,१४० झाले. म्हणजे चाकं दुप्पट झाली आणि टायरची क्षमता साधारण दीडपट झाली. हे नफ्याचंच आहे, नाही कोण म्हणतं? पण दुप्पट नाही.

जोडीत प्रत्येक टायरचा आकडा कमी का करतात? कारण जोडीतले दोन टायर कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. एक टायर दगडावर चढला की त्या क्षणी बाजूचा अधांतरी होतो आणि सगळं ओझं पहिल्यावर येतं. एकात हवा कमी असली की दुसरा जास्त राबतो. शिवाय आतल्या टायरला वारा कमी लागतो, तो लवकर तापतो. कंपनीवाले हा धोका धरूनच आकडा खाली आणतात.

आता इथेच एक मजेशीर गोष्ट बघा. अमेरिकेत या वर्गातल्या एकचाकी गाडीचं भरल्यावरचं कमाल वजन, म्हणजे आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो ते, साधारण सव्वापाच टनांच्या आसपास असतं. जोडचाकीचं जाऊन थांबतं ६,३५० किलोंवर, म्हणजे १४,००० पाउंडांवर. त्या वर्गाची सरकारी कमाल मर्यादाही तीच आहे. म्हणजे कारखान्यात बसून, संपूर्ण धुरा बदलून, पाटे बदलून, सगळ्या चाचण्या करून कंपनीनेसुद्धा पासिंग वीस-पंचवीस टक्क्यांनीच वाढवलं. मग गल्लीतल्या गॅरेजमध्ये फक्त चाकं वाढवून ते दीडपट कसं होईल?

दुसरा हिशेब जागेचा

जोडचाकाची डिस्क खोल असते. दोन वाट्या तळाला तळ लावून ठेवा, तशा त्या दोन डिस्क हबवर बसतात. प्रत्येक डिस्कचा तळ चाकाच्या मध्यापासून साधारण १३५ मिलिमीटर सरकलेला असतो. म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या टायरच्या मध्यांत अंतर पडतं सुमारे २७० मिलिमीटर. टायर २३५ मिलिमीटर रुंद. राहिली फट ३५ मिलिमीटर. दोन बोटं जेमतेम.

ही फट हवीच. वजन आलं की टायर खाली चपटा होतो आणि बाजूला फुगतो. फट नसेल तर दोन टायर एकमेकांना घासतात, तापतात आणि फुटतात. आता एखाद्याने विचार केला, 'माझ्याकडे जुने २७५ चे टायर आहेत, तेच चारही ठिकाणी लावू.' २७० मध्ये २७५ कसे मावणार? बसतानाच ते एकमेकांना टेकलेले असतील. जोडचाकी गाडीचे टायर अरुंद का, याचं उत्तर हे आहे.

तिसरा हिशेब हबचा, आणि खरी मेख इथे आहे

आता साध्या गाडीच्या हबवर ही जोडी लावून बघू. आकडे साधारण आहेत, पण गोष्ट समजायला पुरेसे आहेत.

साध्या गाडीत चाकाचा मध्य हबच्या तोंडापासून सुमारे ४० मिलिमीटर आत असतो. टायर २७५ रुंद, म्हणजे त्याची आतली कड हबच्या तोंडापासून साधारण १७७ मिलिमीटर आत पोचते. आता जोडी लावली. आतल्या टायरचा मध्य १३५ आत, टायर २३५ रुंद, म्हणजे आतली कड गेली २५३ मिलिमीटर आत. जुन्यापेक्षा ७६ मिलिमीटर जास्त. तीन इंच! आणि त्या तीन इंचांत काय आहे? पाटे आहेत, चॅसी आहे. टायर तिथे घासणार.

म्हणून किटवाले काय करतात? हब आणि डिस्क यांच्यामध्ये तीन इंच जाडीचा धातूचा तुकडा टाकतात. त्याला स्पेसर किंवा अडॅप्टर म्हणतात. त्याने सगळी जोडी तीन इंच बाहेर सरकते आणि पाट्यांना घासत नाही. दिसायला प्रश्न सुटला.

पण वजन कुठून कुठे गेलं ते बघा. आधी ते हबच्या तोंडाच्या ४० मिलिमीटर आत टेकत होतं. आता जोडीचा मध्य तोंडाच्या ७६ मिलिमीटर बाहेर आला. म्हणजे ओझं ११६ मिलिमीटर बाहेर सरकलं.

पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई मैलभर चालत जाते. तीच कळशी हात लांब करून धरा म्हटलं, तर पैलवानाचाही हात मिनिटभरात थरथरतो. कळशीचं वजन वाढलं का? नाही. ती शरीरापासून लांब गेली. हबच्या बेअरिंगचं हेच होतं. एका बाजूला दीड हजार किलो भार धरला, तर ११६ मिलिमीटर सरकल्यामुळे १७४ किलोग्रॅम-मीटर इतका वाकवणारा जोर नव्याने येतो. म्हणजे हबला एक मीटर लांबीची पहार जोडावी आणि तिच्या टोकाला दोन धट्टीकट्टी माणसं लोंबकळत ठेवावीत. कायमची. गाडी चालू असताना, खड्ड्यात आपटताना, वळणावर कलताना.

जड पिकअपचा धुरा 'फुल फ्लोटिंग' असतो. म्हणजे गाडीचं वजन धुऱ्याच्या नळीवर बसवलेल्या दोन बेअरिंगवर असतं. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो, ओझं उचलत नाही. तिथे या नव्या जोराने बेअरिंग झिजतं, नळीच्या टोकावर ताण येतो. पण हलक्या गाड्यांत बऱ्याचदा 'सेमी फ्लोटिंग' धुरा असतो. तिथे शाफ्टच वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. हा शाफ्ट फिरता फिरता वाकत असतो. अर्ध्या फेऱ्यात त्याची एक बाजू ताणली जाते, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात तीच दाबली जाते.

तार वाकडी-सरळ, वाकडी-सरळ केली की तुटते, हे आपण लहानपणी सगळ्यांनी केलंय. ज्या टायरबद्दल आपण बोलतोय तो किलोमीटरमागे साधारण ३९४ फेरे घेतो. एक लाख किलोमीटरमध्ये झाले ३ कोटी ९४ लाख. तेवढ्या वेळा ती तार वाकडी-सरळ होते. म्हणून 'आम्ही चाकं लावून सहा महिने झाले, काही झालं नाही' हा काही पुरावा नव्हे. धातू थकतो तो आतून थकतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते, आणि एक दिवस शाफ्ट चाकासकट निघून येतो.

कारखान्याच्या जोडचाकी गाडीत हे का होत नाही? कारण तिथे नळी, हब, बेअरिंग आणि हबचं तोंड हे सगळं जोडीचं ओझं कुठे पडणार हे धरूनच बनवलेलं असतं. कंपन्या दोन प्रकारच्या गाड्यांना बोल्टसुद्धा वेगळ्या मापावर देतात. फोर्डच्या मोठ्या पिकअपला दोन्हीकडे आठच बोल्ट. पण एकचाकीत त्यांचं वर्तुळ १७० मिलिमीटरचं, आणि २००५ पासूनच्या जोडचाकीत २०० चं. जनरल मोटर्सच्या २०११ नंतरच्या गाड्यांत १८० आणि २१०. हबच मोठं आहे, म्हणून वर्तुळ मोठं.

बरं, अडॅप्टर लावायचाच झाला, तर सांधे दुप्पट होतात. हबला अडॅप्टर, अडॅप्टरला डिस्क. आतले नट ढिले झाले तर चाक काढल्याशिवाय दिसणारही नाहीत. चाक बसवल्यावर शे-दीडशे किलोमीटर चालवून नट पुन्हा ठरलेल्या मापाने आवळायचे असतात. तसं आतल्या नटांचं दर वेळी कोण करतं?

मग योग्य रीत कोणती

अमेरिकेतले जाणकार मेकॅनिक सांगतात ती रीत अशी : चाकं वाढवू नका, धुरा बदला. त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या जोडचाकी गाडीचा अख्खा मागचा धुरा आणायचा, हब, बेअरिंग, ब्रेक यांच्यासकट. त्याबरोबर तिचे पाटे. गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा गिअर रेशो जुळलाच पाहिजे, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत बसतील. एबीएसचे सेन्सर, हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप, जॉइंट शाफ्टची लांबी, सगळं जुळवावं लागतं.

पुढच्या चाकांचंही बघावं लागतं. जोडचाकी गाडीत सहाही जागी एकच डिस्क बसते, म्हणजे एका स्टेपनीत काम भागतं. त्यासाठी पुढचं हबही वेगळं असतं.

रुंदी वाढते ती वेगळीच. साधी गाडी सुमारे दोन मीटर रुंद, जोडचाकी सुमारे दोन मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला वर ओळखदिवे लावायचा नियम आहे. जोडचाकी पिकअपच्या टपावर ते पाच पिवळे दिवे दिसतात ना, ते शोभेचे नाहीत. 'मी रुंद आहे, जपून' असं ते रात्री सांगतात.

एवढं सगळं करायचं म्हटल्यावर खर्चाचा अंदाज येतो. म्हणूनच तिथला अनुभवी माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगतो : ही विका, जोडचाकी घ्या.

चौथा हिशेब ब्रेकचा

समजा धुराही बदलला. तरी प्रश्न संपत नाही. गाडी म्हणजे साखळी आहे. टायर, डिस्क, बोल्ट, बेअरिंग, धुरा, पाटे, चॅसी, ब्रेक, स्टिअरिंग. यातली सगळ्यात कमजोर कडी जेवढं पेलते, तेवढीच गाडीची ताकद. टायरची कडी जाड केली म्हणून बाकीच्या कड्या जाड होत नाहीत.

ब्रेकचं एक गणित करू. समजा पासिंगपेक्षा एक टन जास्त माल आहे आणि गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते आहे. त्या एका जादा टनाची ऊर्जा होते सुमारे २९ लाख जूल. ती कुठेतरी जायला हवी. ड्रायव्हर गिअर टाकून न उतरता ब्रेकवरच उतरला, तर ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ड्रम-डिस्क मिळून ४० किलो लोखंड धरलं, तर फक्त या जादा टनामुळे ते आणखी १६० अंशांनी तापेल. वारा लागून थोडं थंड होईल, हे खरं. पण गाडीचं आणि मूळ मालाचं वजन आधीच त्या लोखंडाला तापवत होतं. हे त्याच्यावरचं. लाइनर तापले की पकड सोडतात, आणि पायाखालचा ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो. इथे मागे चार टायर आहेत की चाळीस, याने काहीही फरक पडत नाही.

आणखी एक उलटी गोष्ट. दोन जादा टायर, डिस्क, अडॅप्टर, मडगार्ड मिळून गाडीचं स्वतःचं वजन शंभर-दीडशे किलोंनी सहज वाढतं. पासिंग मात्र कागदावर आहे तेवढंच राहतं. म्हणजे चाकं वाढवल्यावर तुम्ही कायद्याने पूर्वीपेक्षा कमी माल भरू शकता! पैसे खर्च करून माल कमी झाला.

जोडचाकांचा खरा फायदा

आता कुणी म्हणेल, मग जोडचाकं वाईटच का? अजिबात नाही. ती फार उपयोगी आहेत. पाया रुंद होतो, जड ट्रेलर मागे असताना गाडी कमी डुलते. उंच माल असेल तर वळणावर स्थिर राहते. एक टायर फुटला तर दुसरा गाडी सावरून कडेला घेण्यापुरता आधार देतो.

रस्त्यालाही बरं वाटतं. वजन जास्त जागेवर पसरतं. भारतीय रोड काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी ३७ मध्ये, याचा हिशेब आहे. दोन्ही बाजूंना एकेक चाक असलेला धुरा ६५ किलोन्यूटनला रस्त्याची जेवढी झीज करतो, तेवढीच जोडचाकांचा धुरा ८० किलोन्यूटनला करतो. आणि झीज वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ८० किलोन्यूटनचा, ढोबळमानाने आठ टनांचा, धुरा जोडचाकांऐवजी एकेक चाकावर चालवला, तर रस्त्याची झीज सुमारे २.३ पट होते.

तोटेही आहेत. रिकामी जोडचाकी चिखलात घसरते, कारण थोडं वजन चार टायरांत वाटलं जातं आणि कुठलाच टायर चिखल कापून खाली जात नाही. दोन टायरमध्ये दगड अडकतो. आतल्या टायरची हवा बघायला हात पोचत नाही, म्हणून ती बघितलीच जात नाही. आपले ट्रकवाले टॉमीने ठोकून आवाज ऐकतात. पंक्चर कळतं त्याने, पण दहा-पंधरा पौंड कमी आहे हे कानाला कळत नाही.

जोडीत दोन्ही टायर सारख्या मापाचे हवेत. एक नवा, एक झिजलेला असं चालत नाही. व्यासात सहा मिलिमीटरचा फरक असला तरी दर फेऱ्याला सुमारे १९ मिलिमीटरचा फरक पडतो. ३९४ फेऱ्यांत, म्हणजे एका किलोमीटरमध्ये, जवळपास साडेसात मीटर. दोन्ही टायर एकाच हबला बांधलेले, म्हणजे कुणीतरी तेवढं फरपटणार. रबर उगाच झिजत नाही, मंडळी.

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडे हा प्रश्न मेकॅनिकच्याही आधी कायद्याने अडवलेला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. मंजूर गॅस किट किंवा अपंग व्यक्तीसाठीचा बदल अशा काही गोष्टींना त्यात वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जादा मालासाठी कलम १९४ आहे : २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही.

दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला आणि गाडी आरसी बुकाप्रमाणे नाही असं निघालं, की विम्याचा दावा वादात पडतो. दवाखान्याचा खर्च, गाडीचे हप्ते आणि कोर्टाच्या तारखा, तिन्ही एकदम गळ्यात येतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : सर, नुसते पाटे वाढवले तर?

पाटे वाढवले की गाडी बसलेली दिसत नाही. एवढंच होतं. आधी बसलेली गाडी बघून ड्रायव्हरला कळायचं की माल जास्त झालाय. ती खूणही गेली. धुरा, बेअरिंग आणि ब्रेक होते तिथेच आहेत.

प्रश्न : पण माल तर न्यायचाच आहे. दोन खेपा केल्या तर डिझेल परवडत नाही. मग करायचं काय?

खरं बोललात, आणि सगळा विषय शेवटी इथेच येतो. पहिलं काम करा. नेहमीसारखा माल भरा आणि गाडी वजनकाट्यावर चढवा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन दुसरं वजन. दोन्ही आकडे आरसी बुकातल्या आकड्यांशी ताडून बघा. अनेकांनी हे एकदाही केलेलं नसतं, अंदाजावरच चालतं. वर्षातून चार-सहा दिवस, हंगामातच माल जास्त होत असेल, तर त्या दिवसांसाठी भाड्याने मोठी गाडी घेणं स्वस्त पडतं. रोजच जास्त होत असेल, तर तुमचा धंदा तुमच्या गाडीपेक्षा मोठा झालाय. ही चांगली बातमी आहे! मग ही विकून कारखान्यातूनच सहा टायरवर आलेली गाडी घ्या. टाटांची ४०७ ही १९८६ पासून आपल्या रस्त्यावर आहे ती याच कामासाठी. आज त्या वर्गात इतरही गाड्या आहेत.

प्रश्न : जुनी सहा टायरची गाडी घेताना काय बघावं?

चारही मागच्या टायरांचं माप आणि झीज सारखी आहे का बघा. आतल्या टायरवर बॅटरी मारून बघा, बाजूला घासल्याच्या खुणा आहेत का. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खेळ असेल तर बेअरिंग गेलंय. हबपाशी तेल झिरपतंय का बघा. आणि सगळ्यात आधी आरसी बुकात टायरची संख्या आणि पासिंग वाचा. कागदावर चार आणि गाडीला सहा असतील, तर चावी परत देऊन टाका.